को-ऑपसाठी पात्र ठरायचं तर कामाच्या पहिल्या दिवसापासून उलटं मोजा

कंपनीने होकार दिला, पगार ठरला, रुजू व्हायची तारीखही ठरली आणि तरीही विद्यापीठाने ते काम को-ऑप, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेलं पूर्णवेळ काम, म्हणून धरलं नाही, असं दर टर्मला काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत होतं. विद्यार्थी हुशार असतो, कंपनीही चांगली असते. मेख भलतीकडेच असते. मधेच एक विषय सोडल्यामुळे तो पूर्णवेळ विद्यार्थी राहिलेला नसतो. किंवा वर्क टर्म, म्हणजे कामाची टर्म, अभ्यासक्रमाच्या अगदी शेवटी येत असते. किंवा आठवडे बाराऐवजी अकराच भरत असतात. मुलाखतीत यातलं काहीच कुणी विचारत नाही, म्हणून सगळं उशिरा कळतं.

पात्रता एका टेबलावर ठरत नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावं. तुमचा विभाग, विद्यापीठाचं को-ऑप कार्यालय, नोकरी देणारी कंपनी आणि तुम्ही परदेशी विद्यार्थी असाल तर त्या देशाचं इमिग्रेशन खातं, अशा चौघांचा होकार लागतो. चौघांच्या अटी वेगळ्या आणि तारखाही वेगळ्या. एकाचा होकार दुसऱ्याला बांधील नसतो. पुढची माहिती मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांना धरून आहे, कारण ही पद्धत तिथे जुनी आहे आणि तिचे नियमही काटेकोर आहेत.

एक आड एक: सगळ्या अटींचं मूळ

अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी को-ऑप सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावलेल्या असत. जोडीतला एक जण आठवडाभर कारखान्यात काम करी, दुसरा वर्गात बसे. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातली जागा कधी रिकामी राहत नसे आणि शिकलेलं हातात उतरायला सवड मिळे. पुढे बोस्टनच्या नॉर्थईस्टर्नने १९०९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलने १९१९ मध्ये हीच वाट धरली. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७ मध्ये सुरूच झालं ते को-ऑपच्या पायावर.

आठवड्यांच्या जागी आता टर्म आल्या आहेत. वॉटर्लूमध्ये वर्क टर्म चार महिन्यांची असते. नॉर्थईस्टर्न आणि ड्रेक्सेलमध्ये साधारण सहा महिन्यांची. पण 'अभ्यास, काम, पुन्हा अभ्यास' हा एक आड एक क्रम तोच राहिला. पात्रतेच्या अर्ध्याअधिक अटी या क्रमातूनच आल्या आहेत. कामावरून परत येऊन वर्गात बसायचं असेल तरच तो को-ऑप, म्हणून बहुतेक ठिकाणी शेवटची टर्म अभ्यासाची असावीच लागते. सगळे विषय संपवून राहिलेल्या महिन्यांत को-ऑप उरकू, असा बेत केला असेल तर तो आजच बदला. या एका चुकीवर बहुधा इलाज नसतो, कारण विषय संपले की परतायला टर्मच उरत नाही.

इंटर्नशिप आणि को-ऑप यांतला फरकही इथेच आहे. इंटर्नशिप उन्हाळ्यात एकदा करता येते आणि पुष्कळदा विद्यापीठाला त्याची खबरही नसते. को-ऑप ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर, येतो, त्याची वेगळी नोंदणी होते, त्याचं मूल्यमापन होतं आणि तो एकाहून अधिक वेळा करायचा असतो.

तासांचा हिशोब

कॅनडातली को-ऑपची राष्ट्रीय संस्था, सीईडब्ल्यूआयएल कॅनडा, एका वर्क टर्मसाठी किमान १२ आठवडे किंवा ४२० तास पूर्णवेळ काम असं माप धरते. आठवड्याला ३५ तास या दराने १२ आठवड्यांचे बरोबर ४२० होतात. म्हणजे या हिशोबात सुट्टीला जागाच नाही. ३५ तासांच्या नोकरीत एक आठवडा उशिरा रुजू झालात तर ३८५ तासांवर गाडी अडते. ३७.५ तासांच्या आठवड्यात ११ आठवड्यांचे ४१२.५ होतात, म्हणजे साडेसात तास कमी, बरोबर एका दिवसाचं काम. ४० तासांच्या आठवड्यात मात्र ११ आठवड्यांतच ४४० भरतात. तरी काही विद्यापीठं तास आणि आठवडे या दोन्ही अटी लावतात, तेव्हा तास भरले म्हणून निर्धास्त राहू नका. तुमच्या विद्यापीठाच्या को-ऑप पुस्तिकेत 'किंवा' आहे की 'आणि', ते नीट वाचा. सार्वजनिक सुट्ट्या धरायच्या की नाहीत, हेही विद्यापीठागणिक बदलतं. सरळ उपाय असा, की ऑफरवर १२ नव्हे तर १३ ते १६ आठवडे लिहून घ्यावेत.

दुसरं माप एकूण कामाचं. त्याच संस्थेच्या मापाप्रमाणे दोन वर्षांहून मोठ्या अभ्यासक्रमात वर्क टर्मचा वेळ अभ्यासाच्या वेळेच्या किमान ३० टक्के हवा. दोन वर्षांच्या किंवा त्याहून लहान अभ्यासक्रमात २५ टक्के. चार महिन्यांच्या आठ अभ्यास-टर्म म्हणजे ३२ महिने. त्याचे ३० टक्के म्हणजे ९.६ महिने. चार महिन्यांच्या दोन वर्क टर्मचे आठच महिने होतात, त्यामुळे तिसरी करावीच लागते. पदवीवर 'को-ऑप' हा शब्द हवा असेल तर किती टर्म कराव्या लागतील, याचं उत्तर या गणितातून निघतं. दोनच केल्या तर पदवी मिळेल, तो शब्द मिळेलच असं नाही.

विद्यापीठ काय तपासतं

प्रवेशाचे दोन मार्ग असतात. काही अभ्यासक्रमांत पहिल्या दिवसापासून को-ऑप जोडलेला असतो; वॉटर्लूचं इंजिनिअरिंग तसं आहे. तिथे 'स्ट्रीम ४' म्हणजे पहिले चार महिने शिकून लगेच पहिली वर्क टर्म, आणि 'स्ट्रीम ८' म्हणजे आठ महिन्यांनी. इतर ठिकाणी पहिल्या वर्षानंतर वेगळा अर्ज करावा लागतो आणि जागाही मोजक्या असतात. तुमचा मार्ग कोणता, ते प्रवेशपत्रातल्या अभ्यासक्रमाच्या नावावरूनच पाहा. त्यात 'को-ऑप' नसेल तर तुम्ही अजून को-ऑपचे विद्यार्थी नाही, मग माहितीपत्रकात तो शब्द कितीही वेळा असो.

पूर्णवेळ नोंदणी ही दुसरी अट. अमेरिकेत एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या पदवीपूर्व विद्यार्थ्याला नेहमीच्या टर्ममध्ये किमान १२ क्रेडिट्स घ्यावे लागतात. एखादा विषय जड जातो म्हणून टर्मच्या मधे तो सोडला आणि १२ चे ९ झाले, तर को-ऑपच काय, व्हिसाही धोक्यात येतो. विषय सोडायचाच असेल तर आधी ॲडव्हायझरला आणि परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारा. सोडून मग विचारायला जाऊ नका.

जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ही अट सगळ्यांना माहीत असते, पण ती नेमकी कशी मोजतात याकडे थोडेच लक्ष देतात. ४.० च्या मापावर किमान २.० ते ३.० या पट्ट्यात कुठेतरी अट असते. व्यवस्थापन आणि संगणकशास्त्रात ती वरच्या टोकाकडे झुकते. पण हा जीपीए सगळ्या विषयांचा, मुख्य विषयांचा की फक्त मागच्या टर्मचा? तीन आकडे तीन वेगळे निघू शकतात. २.९८ चे ३.० कुणी करून देत नाही, को-ऑपच्या नोकऱ्यांच्या पोर्टलवरचं गाळणं तर नाहीच नाही. एखाद्या विषयाचा निकाल 'अपूर्ण' दाखवत असेल तर काही ठिकाणी तो विषय उत्तीर्ण होईपर्यंत नसल्यातच जमा धरतात. तेव्हा राहिलेला प्रकल्प किंवा परीक्षा को-ऑपच्या अर्जाआधी संपवून ग्रेड लावून घ्या.

खरी गफलत वेळेची असते. जानेवारीच्या वर्क टर्मसाठी अर्ज सप्टेंबरमध्ये होतात. तेव्हा विद्यापीठासमोर मागच्या टर्मपर्यंतचेच निकाल असतात आणि तुम्ही पात्र ठरता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुलाखती होतात, ऑफर येते. डिसेंबरअखेर चालू टर्मचे निकाल लागतात आणि पात्रता पुन्हा तपासली जाते. नोकरी शोधण्याच्या धावपळीत नेमकी तीच टर्म घसरलेली असते. हातातली ऑफर या दुसऱ्या तपासणीत जाते, आणि कंपनीला कळवायची वेळ येते तेव्हा तिला दुसरा उमेदवार शोधायला सवड राहिलेली नसते. म्हणून मुलाखतींच्या टर्ममध्ये सर्वांत अवघड दोन विषय एकत्र घेऊ नका. विभागाने ठरवलेल्या क्रमात मुभा असेल तर एक पुढे ढकला.

नापास विषय नुसता जीपीए पाडत नाही, क्रमही मोडतो. अनेक विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. शरद टर्ममधला गणिताचा विषय राहिला तर तो पुढच्या शरद टर्मलाच मिळतो, आणि ती तुमची वर्क टर्म असेल तर दोन्हींतून एक निवडावं लागतं. निकाल हाती आला की त्याच आठवड्यात विभागाकडे जाऊन हा विषय पुन्हा कधी आहे ते विचारा, आणि पुढच्या सगळ्या टर्मचा तक्ता नव्याने मांडून त्यावर ॲडव्हायझरची लेखी संमती घ्या.

राहिली पूर्वतयारीची कार्यशाळा. रेझ्युमे, मुलाखत, कामाच्या जागची सुरक्षितता, छळाविरुद्धचे नियम असे तिचे विषय असतात. क्रेडिट शून्य किंवा नाममात्र, म्हणून मुलं तिला हलक्यात घेतात. पण हजेरी कडक असते आणि ती पुरी केल्याशिवाय नोकऱ्यांचं पोर्टल उघडतच नाही. पुष्कळ ठिकाणी ती नोकरी शोधण्याच्या टर्मच्याही आधीच्या टर्ममध्ये घ्यावी लागते. म्हणजे कामाच्या दोन टर्म आधी.

उलटी मोजणी

समजा काम मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचंय. कागदावर मे लिहा आणि तिथून मागे या.

- एप्रिल: हिवाळी टर्मचे निकाल, पात्रतेची दुसरी तपासणी, वर्क टर्मची नोंदणी आणि फी. कामाची परवानगी हातात.
- मार्च: ऑफर, तिला विद्यापीठाची मंजुरी, परवानगीची कागदपत्रं.
- जानेवारी-फेब्रुवारी: पोर्टलवर अर्ज, मुलाखती.
- आदल्या वर्षीचे सप्टेंबर ते डिसेंबर: पूर्वतयारीची कार्यशाळा, रेझ्युमेची तपासणी. पासपोर्टची मुदतही याच वेळी पाहून घ्या.
- त्याच्याही आधीचा उन्हाळा: को-ऑपमध्ये प्रवेशाचा अर्ज, जिथे तो वेगळा असतो तिथे.

म्हणजे मे महिन्यातल्या कामाची सुरुवात जवळजवळ वर्षभर आधी होते. कॅनडात सरकारी वर्क परमिट काढावं लागत असेल तर मार्च-एप्रिलचा टप्पा पुरत नाही. तो अर्ज ऑफरची वाट न पाहता करता येतो, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

प्रत्येक नोकरी को-ऑप होत नाही

पोर्टलवरच्या नोकऱ्या को-ऑप कार्यालयाने आधीच पारखलेल्या असतात. स्वतः शोधलेल्या नोकरीला मात्र वेगळी मंजुरी लागते, तीही रुजू होण्याआधी. काम सुरू करून महिन्याने अर्ज केला तर तो महिना बहुधा वाया जातो.

कार्यालय पाहतं ते असं: काम तुमच्या शाखेशी जुळतं का, पूर्णवेळ आहे का, पगारी आहे का आणि रोज काम दाखवून शिकवणारा वरिष्ठ तिथे आहे का. नुसत्या कमिशनवरची विक्री, फ्रीलान्स पद्धतीने तुकड्यातुकड्याने केलेलं काम आणि नातेवाइकाच्या हाताखालची नोकरी सहसा नाकारली जाते. शेवटच्या प्रकारात अडचण प्रामाणिकपणाची नसते, मूल्यमापनाची असते. काका पुतण्याला कमी गुण देतील यावर विद्यापीठाने विसंबावं कसं? घरी बसून, पूर्ण ऑनलाइन करायचं काम असेल तर तुम्ही त्या वेळी प्रत्यक्ष कोणत्या देशात असाल हे स्पष्ट लिहावं लागतं, कारण कर आणि कामाची परवानगी त्यावर ठरते.

शाखेशी जुळणं हे पदाच्या नावावरून ठरत नाही, रोजच्या कामावरून ठरतं. 'डेटा असिस्टंट' असं नाव आणि काम मात्र फॉर्मवरची माहिती टंकण्याचं, अशी नोकरी संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला नामंजूर होऊ शकते. उलट गोदामातल्या नोकरीत मालाच्या हालचालीचं विश्लेषण आणि मागणीचा अंदाज बांधणं हे मुख्य काम असेल तर औद्योगिक इंजिनिअरिंगला ती शोभते. अर्जात जबाबदाऱ्या लिहिताना चार-पाच ठोस कामं लिहा, प्रत्येकासमोर आठवड्यातला अंदाजे वाटा द्या आणि कोणत्या विषयाशी ते जोडलेलं आहे हे एका ओळीत सांगा. 'टीमला मदत करणे' या ओळीवर कुणालाच निर्णय घेता येत नाही.

ऑफर लेटर ओळीओळीने

बहुतेक अर्ज याच कागदावर अडकतात, म्हणून तो समोर ठेवून वाचा. कंपनीच्या लेटरहेडवर हवा. तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. हाक मारायचं नाव किंवा मधलं नाव गाळलेलं चालत नाही. पदाचं नाव, आठवड्याचे तास, पगाराचा दर, प्रत्यक्ष कामाच्या जागेचा पूर्ण पत्ता, वरिष्ठाचं नाव, पद आणि ईमेल हवं. आणि दोन तारखा हव्यात, सुरुवातीची आणि शेवटची, दिवस-महिना-वर्षासह.

गोंधळ या शेवटच्या ओळीत होतो. 'मे ते ऑगस्ट' असं लिहिलं की मोजायचं कुठून? 'ऑगस्टअखेर' म्हणजे २८ की ३१? परवानगी तारखेवर दिली जाते, महिन्यावर नाही. 'सुमारे ४० तास' हेही चालत नाही. 'आठवड्याला ४० तास' असं हवं. मुख्य कार्यालय एका शहरात आणि तुम्ही काम करणार दुसऱ्या शहरात, अशा वेळी पत्त्यापुढे 'कामाचं ठिकाण' असं वेगळं लिहून घ्या. 'इंटर्न' हा शब्द आला म्हणून घाबरू नका, बाकी सगळं बरोबर असेल तर विद्यापीठं त्यावर अडून बसत नाहीत. पण 'स्वतंत्र कंत्राटदार' हा शब्द दिसला तर सही करण्याआधी थांबा. त्याचा अर्थ तुम्ही कर्मचारीच नाही असा होतो आणि को-ऑपची जवळपास प्रत्येक अट तिथे कोसळते.

दुरुस्ती मागायला संकोच करू नका. मनुष्यबळ विभागाला 'विद्यापीठाच्या मंजुरीसाठी या तीन गोष्टी पत्रात हव्या आहेत' असं नेमकं लिहिलं की सुधारित पत्र यायला वेळ लागत नाही. तेच नुसतं 'पत्र बदलून द्या' असं लिहिलं तर फेऱ्या वाढतात.

अमेरिका: सीपीटीचे दिवस मोजून वापरा

एफ-१ विद्यार्थ्याला को-ऑप करायचा तर सीपीटी, म्हणजे करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंगची परवानगी लागते. ती इमिग्रेशन खातं थेट देत नाही. विद्यापीठातला नेमलेला अधिकारी, डीएसओ, सेव्हिस या सरकारी प्रणालीत नोंद करतो आणि तुम्हाला नवा आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी-पात्रतेचा दाखला, मिळतो. त्याच्या दुसऱ्या पानावर कंपनीचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे छापलेलं असतं. वेगळं कार्ड किंवा वेगळी सरकारी फी नाही.

मुख्य अट अशी, की एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण झालेलं हवं. ऑगस्टमध्ये आलेला विद्यार्थी पुढच्या उन्हाळ्यात सीपीटी घेऊ शकतो. जानेवारीत आलेल्याचं वर्ष साधारणपणे डिसेंबरमध्ये भरतं, त्यामुळे त्याचा पहिला उन्हाळा हुकतो. जानेवारीत प्रवेश घेणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही आणि मग मे महिन्यात मनस्ताप होतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमातच कामाला लगेच लागणं बंधनकारक असेल तर या वर्षाची सूट आहे. ती त्या अभ्यासक्रमाची खरीखुरी गरज असावी लागते. 'पहिल्या दिवसापासून सीपीटी' अशी जाहिरात पाहून प्रवेश घेतलेल्यांना पुढच्या व्हिसा-अर्जांत त्याचे खुलासे द्यावे लागू शकतात. भाषा शिकण्याच्या अभ्यासक्रमावर सीपीटी नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महागात पडणारी. पूर्णवेळ सीपीटी, म्हणजे आठवड्याला २० तासांहून जास्त, एकूण १२ महिने झाली की त्याच पातळीच्या पदवीनंतरचा ओपीटी, म्हणजे आपल्या शाखेत काम करण्याची परवानगी, मिळत नाही. ओपीटी गेला की त्यावर उभा असलेला स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) शाखांचा २४ महिन्यांचा वाढीव काळही गेला. आता हिशोब करा: सहा महिन्यांचे दोन को-ऑप म्हणजे बरोबर १२ महिने. चार महिन्यांचे तीन, तेही १२. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सहा महिन्यांचे तीन को-ऑप असतात, म्हणजे १८. त्यामुळे पहिल्या आय-२० पासून दिवसांची वही ठेवा आणि शेवटच्या को-ऑपच्या तारखा ठरवण्याआधी डीएसओकडून एकूण बेरीज लेखी घ्या. बेरीज १२ महिन्यांच्या काठावर येत असेल तर शेवटची तारीख काही दिवस अलीकडे घेतल्याने ओपीटी वाचतो आणि कंपनीचंही फारसं अडत नाही. २० तासांपर्यंतची अर्धवेळ सीपीटी या १२ महिन्यांत धरली जात नाही.

परवानगी त्या एका कंपनीपुरती आणि त्या तारखांपुरतीच असते. आय-२० वर १५ मे असेल तर १४ तारखेचं 'नुसतं ओळखीचं सत्र' सुद्धा करू नका. काम लांबलं तर जुनी तारीख संपण्याआधी नवा आय-२० घ्या. मागच्या तारखेने सीपीटी मिळत नाही. काम बिनपगारी आहे म्हणून परवानगी नको, हा समजही धोक्याचा आहे. पगारासाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबर आधी नसेल तर कामाच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, त्याआधी घेत नाहीत.

कॅनडा: पत्रातलं एक वाक्य

कॅनडात सगळा भार विद्यापीठाच्या पत्रावर असतो. पदवी मिळवण्यासाठी हे काम अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग आहे, असं त्यात स्पष्ट हवं. 'विद्यार्थी को-ऑप करू शकतो' एवढ्याने भागत नाही; 'करू शकतो' म्हणजे ऐच्छिक. शिवाय कामाचा काळ एकूण अभ्यासक्रमाच्या ५० टक्क्यांहून जास्त असता कामा नये. इंग्रजी किंवा फ्रेंच शिकण्याचे, हौसेचे किंवा दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या पूर्वतयारीचे अभ्यासक्रम यात बसत नाहीत.

अभ्यास परवान्याबरोबर को-ऑपसाठी वेगळं वर्क परमिट काढण्याची पद्धत वर्षानुवर्षं होती; ते आता लागतं की नाही, हे आधी सरकारी पानावर पाहा. ते एखाद्या कंपनीच्या नावावर नसतं, म्हणूनच त्याचा अर्ज ऑफरशिवाय, अभ्यास परवान्याबरोबरच करता येतो आणि त्याला फी नसते. परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिला जात नाही. पासपोर्ट सात महिन्यांत संपत असेल तर आधी तो नवा करा, नाहीतर वर्क टर्मच्या मधेच परवाना संपेल. रुग्णालय, पाळणाघर किंवा शाळेत काम असेल तर वैद्यकीय तपासणी लागते. ती झालेली नसेल तर परवान्यावर तसं बंधन छापून येतं. परवान्यांचे नियम इतक्यात सारखे बदलत आले आहेत, त्यामुळे मागच्या वर्षीच्या सीनियरची यादी वापरू नका. अर्जाच्या दिवशी सरकारी पानावरची सूचना वाचून तीच छापून ठेवा.

टर्म चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास काम करण्याची मुभा ८ नोव्हेंबर २०२४ पासून आहे. ती मुभा वेगळी आणि को-ऑप वेगळा. अभ्यासक्रमाचा भाग असलेलं पूर्णवेळ काम त्या २४ तासांत मोजत नाहीत. पण विद्यापीठाने मंजूर न केलेली नोकरी तुम्ही मनानेच को-ऑप समजून ४० तास केली तर तो सरळ नियमभंग आहे. पगारासाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर तात्पुरत्या रहिवाशांना ९ ने सुरू होणारा मिळतो आणि तो परवान्याच्या मुदतीबरोबर संपतो. परवाना नवा केलात की त्या नंबरची तारीखही नवी करून घ्या.

रुजू झाल्यावर

पात्रता कामाच्या पहिल्या दिवशी संपत नाही, ती टिकवावी लागते. टर्मच्या मध्यावर कार्यालयाचा माणूस फोन करतो किंवा भेटायला येतो. शेवटी वरिष्ठाचं मूल्यमापन आणि तुमचा अहवाल, दोन्ही वेळेत जमा व्हावे लागतात. अहवाल राहिला तर पूर्ण केलेली वर्क टर्मही नापास धरली जाते, आणि नापास वर्क टर्ममुळे पुष्कळ ठिकाणी को-ऑपमधून नाव जातं. वरिष्ठ सुट्टीवर जाण्याआधी, शेवटच्या दोन आठवड्यांत, मूल्यमापनाचा फॉर्म भरून घ्या. अहवालात कंपनीची गोपनीय माहिती येत असेल तर तो जमा करण्याआधी त्यांना दाखवा; शेवटच्या दिवशी आठवलं तर त्यांच्या मंजुरीतच आठवडा जातो.

स्वीकारलेली ऑफर दुसरी चांगली आली म्हणून सोडू नका. को-ऑप कार्यालयं याला फार गंभीर मानतात, कारण दुखावलेली कंपनी पुढच्या वर्षी कुणालाच घेत नाही. पोर्टलवर क्रमवारी देऊन जुळणी होते तिथे तर जुळलेली नोकरी स्वीकारणं बंधनकारक असतं. तेव्हा जिथे जायचंच नाही तिला क्रमवारीत जागाच देऊ नका.

कंपनीने मधेच काढलं, काम मिळेनासं झालं किंवा कामाच्या जागी त्रास होऊ लागला, तर राजीनामा देण्याआधी को-ऑप कार्यालयाला कळवा. स्वतःहून सोडली तर टर्म नापास. कपातीत गेली तर झालेले तास धरून मार्ग निघू शकतो. परदेशी विद्यार्थ्याने त्याच दिवशी परदेशी विद्यार्थी कार्यालयालाही लिहावं.

अपात्र ठरलात तर

नकार आला की पहिल्यांदा कारण लेखी मागा. जीपीए, क्रेडिट, क्रम, नोकरी किंवा परवानगी, यांपैकी नेमकं काय आडवं आलं हे कळल्याशिवाय केलेला विनंती अर्ज वाया जातो. जीपीए थोडक्यात हुकला असेल तर पुढच्या टर्मच्या निकालानंतर पुन्हा अर्ज करता येतो का विचारा. क्रम मोडला असेल तर वर्क टर्म आणि अभ्यास-टर्मची अदलाबदल मागा. आजारपण किंवा घरातला आघात हे कारण असेल तर डॉक्टरांचं किंवा तत्सम पत्र जोडा. आजाराच्या तारखा आणि घसरलेल्या टर्मच्या तारखा जुळायला हव्यात.

विनंती अर्ज एका पानात बसवा. वर तुमचा विद्यार्थी क्रमांक आणि वर्क टर्म, मग पुस्तिकेतल्या कोणत्या नियमाबद्दल सवलत हवी तो नियम जसाच्या तसा, मग कारण चार-पाच वाक्यांत, आणि शेवटी राहिलेल्या सगळ्या टर्मचा नवा तक्ता, ज्यात शेवटची टर्म अभ्यासाचीच आहे. ऑफर हातात असेल तर ती जोडा आणि कंपनीला उत्तर देण्याची शेवटची तारीख ठळक लिहा. ती दिसली की अर्ज ढिगात तळाला राहत नाही.